ते चौघे आणि विनीआत्याची साक्ष

ती. विनीआत्यास,

लिव्हरपूलहून ऑस्टिनचा नमस्कार. (वाकून केला आहे असे समज. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच चालला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? टोरांटोचे बर्फ वितळले का? इकडे ब्रायडी ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढते. कारण पुढे येईलच.

आपल्या गावच्या त्या चौघा गाणाऱ्यांच्या नावाची प्रवासी बस मी गेली अकरा वर्षे हाकतो आहे. (नाव लिहीत नाही, त्याने तुझे पित्त खवळते. "उगाच डोक्यावर घेतलंय त्यांना" हे तुझे वाक्य आमच्या घरी येशूच्या तसबिरीखाली लिहायचे तेवढे बाकी आहे.) आता कंपनीने फर्मान काढले, की नुसती बस हाकून भागणार नाही, हाकणाऱ्यानेच माहितीही सांगायची, आणि त्यासाठी गाइडचा बिल्ला हवा. बिल्ला नाही तर बस नाही. मी दोनदा नापास झालो. तिसरी संधी शेवटची, ती परवा सकाळी झाली. आत्या, सत्तावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभे करणार? गोदीत जावे, तर तिथे आता कॉफी विकतात.

परीक्षा नदीकाठी उभ्या केलेल्या बसमध्येच होती. परीक्षक दोन. मॉलिन्यूबाई इथल्याच, आणि ॲशक्रॉफ्टसाहेब लंडनचे, टाय इतका आवळलेला की बघून माझाच श्वास अडकत होता. जन्मतारखा, शाळा, घरांचे नंबर, सगळे मी घडाघडा म्हटले. मग साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "समजा, मी प्रवासी आहे. मला वाटतं, या लोकांचं कौतुक जरा जास्तच झालंय. पटवा मला." पाठ केलेले सगळे कुठल्या कुठे गेले, आणि तोंडातून एवढेच निघाले, "नाही हो साहेब. बरे होते."

साहेबांनी लिहून घेतले. उलटे वाचता येते मला : 'उमेदवारास उत्साह नाही.' आपल्याकडे 'बरे'च्या वर शब्दच नाही, हे लंडनच्या माणसाला कसे समजावायचे? मी जन्मलो तेव्हा बाबांनी दुपट्यात डोकावून "बरा आहे" म्हटले, आणि आईने ते जन्मभर मिरवले. ब्रायडी मला एकदा 'बरा' म्हणाली, तर मी दुसऱ्या दिवशी अंगठी घेऊन दारात. हे सगळे मी सांगितले. मॉलिन्यूबाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या. साहेब मात्र म्हणाले, "म्हणजे इथल्या लोकांनाही ते फारसे आवडत नाहीत तर." मग आत्या, मी तुझे नाव घेतले. माझी सख्खी आत्या, म्हटले, एकसष्ट साली जहाज कंपनीत टायपिस्ट होती, आणि जेवणाच्या सुट्टीत, ते चौघे जिथे गायचे त्या तळघरात जाऊन त्यांना समोर बसून ऐकायची.

मॉलिन्यूबाई वळल्या. "राजा, या गावात प्रत्येकाची आत्या त्या तळघरात होती. माझीही होती. सगळ्या खऱ्या धरल्या तर रांग वेल्सपर्यंत जाईल."

"माझी खरीच होती, बाई."

"बरं, मग काय म्हणाली ती?"

इथे मी बसचा आरसा पुसायला लागलो. तू काय म्हणतेस ते मला पाठ आहे, आणि ते सांगितले असते तर तिथेच संपलो असतो. बाईंना दया आली असावी. त्यांनी निकाल महिनाअखेरपर्यंत राखून ठेवला आहे, तोवर आत्याच्या हातचे पत्र आणायचे. ब्रायडी म्हणते, "परीक्षा तुझी होती, त्या म्हातारीला कशाला ओढलंस?" अबोला त्यावरूनच आहे.

असो. जिन्यावरून सावकाश उतरत जा.

तुझा भाचा,
ऑस्टिन

ता. क. पत्र केवळ प्रकृती विचारायला लिहिले आहे. पण हाताशी कागद असलाच, तर चार ओळी लिही, की तू तिथे होतीस आणि ते फार, फारच चांगले होते. ('बरे' लिहू नकोस, जीव जाईल माझा.)

ता. क. २. ब्रायडीने हे वाचले. ती म्हणते, तू त्या तळघरात कधी गेलीच नव्हतीस, सुट्टीत धक्क्यावर बसून सँडविच खायचीस, असे माझ्या आईनेच तिला सांगितले होते. खरे का ग? तसे असेल तर खोटे लिहू नकोस. मी बाईंना सांगेन, रांगेतली एक आत्या कमी करा.

ता. क. ३. मी टोरांटोला आलो होतो, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात रेडिओवर त्यांचे गाणे लागले. "उगाच डोक्यावर घेतलंय" म्हणत तू रेडिओ बंद केलास, आणि माझ्याकडे पाठ करून धुतलेली बशी पुन्हा धुवायला लागलीस. बराच वेळ धूत होतीस. तुला घरची आठवण येत होती हे मला कळले होते, विचारायचा धीर झाला नाही. परवा बसमध्ये मला तेवढेच आठवत होते. साहेबांना ती बशी सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार. बिल्ला गेला तरी चालेल.