चार बोटं सोडून प्रायमर

शनिवार, ८ मार्च

प्रिय दादा,
शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण औषध म्हटलं की तोंड फिरवते. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तिच्या वाढदिवसाला आपली लहानपणची छोटी फटफटी रंगवून पाठव म्हणालास, म्हणून माळ्यावरून काढली. इंजिन, चाकं सोडवली आणि नुसती फ्रेम शेडमध्ये दोरीला टांगली. 'जुना रंग खरवडत बसू नकोस, वरूनच मार,' असं तू बजावलं होतंस. एकदा पत्रात, एकदा फोनवर. शेजारचा रंगारी हसला. म्हणाला, "खाली गंज असेल तर सगळं पापुद्र्यासारखं निघेल. पार लोखंडापर्यंत जा."

गेलो. वरचा हिरवा, खाली बाबांनी दिलेला लाल. पण हँडलच्या मानेखाली, जिथे दोन नळ्या जोडल्यात, तिथे लाल नव्हताच. पुट्टी थापलेली होती. ती काढली तर आत अर्धी नळी चिरलेली, आणि चिरेच्या कडा कानशीने घासून सपाट केलेल्या.

हिरवा रंग कोणी दिला होता, दादा? सुट्टीत आठ दिवस शेडला आतून कडी लावून कोण बसलं होतं?

बायको म्हणते, "तुम्हाला जिथे तिथे काळंबेरंच दिसतं. पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतंय?" कळत नव्हतं तर कानस कशाला चालवली?

रंग वाळल्यावर तिसऱ्या दिवशी मी उतारावर आपटलो. हँडल लटपटलं, असं मी ओरडून सांगत होतो. सगळे हसले. माझं कोपर तेव्हापासून सरळ होत नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "धसमुसळेपणा नडला याला." तू शेजारी उभा असायचास. पुढे पुढे मलाही ते पटलं. आणि मी आपटलो त्याच संध्याकाळी फटफटी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलीस तीही तूच. बाबांना धड बघूसुद्धा दिली नाहीस. मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने.

उघडं लोखंड गंजतं, म्हणून आजच थिनरने पुसून प्रायमरचा पहिला हात मारला. फक्त ती चार बोटं जागा टेप लावून सोडली आहे. तिथे प्रायमर चढला की उद्या मलाच वाटेल, भास झाला. सोमवारी वेल्डरकडे नेऊन नळी पक्की सांधून घेतो. चिमणीला फटफटी धडधाकटच मिळेल, त्याची काळजी नको.

एकच विचारायचंय. पहिली चक्कर तू कधी कोणाला दिली नाहीस, भांडून घ्यायचास. त्या दिवशी मात्र म्हणालास, "आज पहिला तू." दादाचं मन केवढं मोठं, म्हणून मी हे आजवर पोराबाळांना कौतुकाने सांगत आलो.

अजूनही सांगू का?

तू जे लिहिशील ते खरं मानायला तयार असलेला,
तुझा धाकटा