देवाच्या फळीवरचं नाणं

४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. आईचं चांदीचं नाणं त्या तज्ज्ञांकडे धाडायचं, ते तपासून त्याची प्रत ठरवणार आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवणार, असं लिहितोस. अरे, त्याला भोक, काठ एका बाजूने ठोकून पातळ झालेला. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! हे तर म्हणाले, चष्म्याच्या दुकानात बसून धाकट्याला आता नाण्यांचेही नंबर काढायचा नाद लागला.

मागच्या खेपेला खिडकीशी उभा राहून भिंगातून नाणं न्याहाळत होतास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. विकायचंय का? अडचण असेल तर सांग, माझ्या बांगड्या आहेत. आईची वस्तू नको. तू दिलंस तेव्हा किती काळवंडलेलं होतं! देवाच्या फळीवर ठेवून दर सोमवारी पावडरने घासते, लखलखतं नुसतं.

माझी भावजय जेवते ना नीट? तिचं चार ओळींचंही पत्र नाही.

लोभ असू दे, रागही असू दे, पण उत्तर धाड.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न.

वि. वि. विकायचं नाही गं. त्या नाण्याला काय शेरा मिळेल तेही ठाऊक आहे : 'खराब'. मला प्रत नको, डबी हवी.

आईने ते आमच्या ठकूच्या गळ्यात बांधायला म्हणून भोक पाडून घेतलं होतं. दात येताना ठकू तो पातळ काठ सारखा चावायची. आई म्हणायची, पोरगी सावकार होणार, आत्तापासून नाणं पारखतेय. काठावर चार दातांच्या खुणा उठल्या होत्या. मग आई गेली, आणि पाठोपाठ ठकूही. ही नाणं मुठीत धरून बसायची, अन्नाला शिवायची नाही, म्हणून ते तुझ्याकडे आणून दिलं. कारण सांगायला तेव्हा तोंड उघडलं नाही.

परवा भिंगातून पाहिलं. चारांतल्या दोनच उरल्यात, त्याही पुसट. तू मायेनेच घासतेस, ताई. म्हणून तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. डबीत गेलं की ना हवा लागेल, ना फडकं. हिला यातलं काही सांगितलेलं नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवतो, आणि घरी आलो की हिच्याकडे बघवत नाही.

रागावलीस तरी तुझ्या मायेत मला उणा करू नकोस.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वि. वि. दर सोमवारी स्तोत्र म्हणत मी माझ्या हाताने आपली पोर पुसत होते. देवानेही हात धरला नाही.

पत्र वाचून नाणं उचललं. बोटाला काही लागेना. मग देवाकडे पाठ करून काठ ओठांत धरला. लागल्या रे. दोन. देवाजवळची वस्तू उष्टी केली म्हणून आधी दचकले. मग वाटलं, ती उष्टीच तर होती इतकी वर्षं.

नाणं मऊ फडक्यात बांधून यांच्याबरोबर धाडतेय, टपालावर माझा भरवसा नाही. डबीचा खर्च माझा, भाजीच्या पैशांतून उरवलाय, वाद घालू नकोस. 'खराब' म्हणाले तर म्हणू देत. त्या खराबीसाठीच तर हा खटाटोप.

पण एक ऐक. डबी बंद झाली की कुणालाच हात लावता यायचा नाही. त्याआधी नाणं माझ्या भावजयीच्या हातात दे. तिचंच तिच्यापासून लपवून बंद करू नये. धरू दे हवं तितकं. रडली तर रडू दे. आणि तिने मूठ उघडलीच नाही, तर त्या तज्ज्ञांना कळव, नाणं येणार नाही म्हणून.

फळीवर त्याचा गोल डाग उरलाय. या सोमवारी फळी पुसताना तेवढी जागा सोडली.

तुम्हा दोघांचा माझ्यावर लोभ उरला असेल, तर तो राहू दे.

तुझी ताई