कवळात गेलेली मोरवेल

अहो दिनूचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. समोरच असायचात, हाक मारली की काम भागायचं. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमची मोरवेल फुलली! चार-दोन फुलं नव्हेत हो, गोठ्याची अख्खी भिंत खालपासून वरपर्यंत पांढरी झाली आहे. नवरात्र बसलंय आणि देवीला रोज तिचीच माळ जाते. उन्हाळ्यापासून उरावर धोंडा होता, तो उतरला एकदाचा. हुश्श!

धोंडा कसला, ते तुम्हाला कुठून कळणार? सांगते. पण आधी पूर्ण ऐका आणि मग रागवा. अर्धवट ऐकून रागवायची तुमची जुनी खोड.

ती वेल आणलीत कशी, आठवतं? नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. मला न्यायला माझ्या माहेरी डोळखांबला आला होतात. परतताना आईनं बांधून दिलेली नाचणी गाडीत विसरलात आणि रानातून उपटलेलं हे रोप मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून धसईपर्यंत मांडीवर धरून आणलंत. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "जावयाला माज्या घरातला काय आवडला नाय, रानातला आवडला!" शेजारच्या बाया मला विचारायच्या, औषधाची आहे का गो, भाजी होते का? काहीच होत नाही, नुसती फुलते, असं सांगितलं की त्यांना तुमची काळजी वाटायची.

आणि लाड तरी किती! मुळाला ऊन लागू नये म्हणून फुटकी कौलं रचलीत. पावसाचं पाणी साचू नये म्हणून बाजूनं चर खणलात. ही वेल पानाच्या देठानं विळखा घालून चढते, जाडा वासा तिला धरवत नाही, म्हणून कारवीच्या बारीक काठ्या आणून भिंतीला बांधल्यात. माझ्या न्हाणीची कुडाची भिंत मात्र मोडकी ती मोडकीच राहिली! राग नाही, आपलं जाता जाता सांगितलं.

तुमचा एक कायदा होता. हिला कोयता लावायचा नाय. कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं, "रानात कोन कापतो हिला?"

मग काय, बाईसाहेब वर वर गेल्या. खाली नुसत्या वाळक्या दोऱ्या आणि फुलं सगळी गोठ्याच्या कौलांवर. आपल्याच घरची फुलं बघायला रस्त्यापर्यंत जावं लागायचं. मी कुरकुरले की म्हणायचात, "देवाला दिसतात ना?" देवाला दिसतात! देवानं कधी पाणी घातलं होतं हो तिला?

तुम्ही गेलात आणि ती अंग धरेनाशी झाली. पहिल्या वर्षी मोजकीच फुलली, दुसऱ्या वर्षी तेवढीही नाही. तरी मी तुमचा कायदा पाळला. तुमचे कपडे देऊन टाकले, चपला देऊन टाकल्या. तुमच्या हातचं जिवंत असं अंगणात तेवढंच उरलं होतं. संध्याकाळी गोठ्यात जाताना मी तिच्याशी बोलायचे. हसू नका.

यंदा फाल्गुनात काय झालं, भाताच्या वाफ्यावर राब भाजायला झाडांच्या फांद्यांचं कवळ तोडायची गडबड चालली होती. तुमच्यामागे दोन्ही शेतांचं भावजीच बघतात. तुमचा भाऊ म्हणून नाही म्हणत, पण राबतो माणूस. जाऊबाई गेल्यापासून एकटेच, चूल वेगळी, तरी सकाळचा चहा आपल्याकडे. त्या दिवशी मी वालाच्या शेंगा घेऊन धसईच्या बाजाराला गेले होते. परत आले तर गोठ्याची भिंत उघडी! मोरवेल गुडघ्याएवढी ठेवून बाकी साफ कापलेली. आधी तोडून वाळवलेल्या ऐनाच्या फांद्यांबरोबर तिचाही भारा शेतावर गेला होता आणि राब भाजूनसुद्धा झाला होता. रोपाच्या वाफ्यावर नुसती काळी राख.

भावजी ओटीवर बसले होते, मी सवयीनं चहा पुढे ठेवला आणि वेलीचं विचारलं. म्हणाले, "वयनी, ती कवाच सुकली व्हती. मना वाटला, दादाच्या पाठोपाठ तीपन गेली. राबात गेली तं भाताच्या तरी कामाला येल."

उघड्या भिंतीकडे बोट दाखवून मी म्हणाले, "भाऊ गेला, त्याची वेलपन तुमाला बघवली नाय?"

ते समोरचा चहा तसाच ठेवून उठले आणि त्या दिवसापासून आपल्या घरात पाऊल टाकलं नाही.

अख्खा उन्हाळा असा गेला. एका अंगणात दोन घरं आणि एकमेकांकडे बघणं नाही. ते मान खाली घालून गुरं सोडायचे, मी पाठ करून भांडी घासायचे. मी रोज सवयीनं दोन कप चहा टाकायचे आणि दोन्ही मीच प्यायचे. दिनू आसनगावच्या कंपनीतून सुट्टीला आला की म्हणायचा, "आई, सोड ना आता. काका किती वाळलाय बघ!" दिसत होतं मला. पण माझा राग उतरेना आणि त्यांचा पाय वळेना. खरं सांगू? वेलीपेक्षा मला याचीच भीती वाटत होती. तुमच्या माघारी तुमचा भाऊही माझ्यामुळे तुटला, तर वर आल्यावर तुम्हाला काय तोंड दाखवू?

एक मात्र ध्यानात आलं होतं. वेलीचं मूळ रोज सकाळी ओलं असायचं. मी तर पाणी घालत नव्हते, मेलेल्या खुंटाला कशाला घालायचं? तुमच्या घरात चूक झाली की तोंडानं कबूल करायची पद्धत नाही, पाणी घालायची आहे!

भाताच्या आवणीत तिकडे बघणंच झालं नव्हतं. ती आटोपली आणि एका उघडिपीला मी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली जळणाची फाटी उचलायला गेले. बघते तर खुंटाच्या प्रत्येक पेराला कोंब! हातभर वाढलेले, जांभळट, लुसलुशीत. भिंतीला कारवीच्या नव्या काठ्या बांधलेल्या, मुळाची फुटकी कौलं नीट सारखी केलेली, वर राबातली मूठभर राख. मी तिथेच चिखलात बसले आणि रडले हो, भोकाड पसरून रडले. गोठ्यात भावजी शेण काढत होते, ते दचकून बाहेर आले.

डोळे पुसून मी म्हणाले, "भावजी, चहा टाकते."

ते म्हणाले, "साकर कमी टाका. मागच्या येळंला लय गोड झाली व्हती."

मागच्या वेळेला! त्या चहाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं की त्यांनी!

आता बोला, दिनूचे बाबा. म्हणे रानात कोण कापतं! अहो, रानात वणवा लागतो, कवळ तोडणारे दरसाल तोडून नेतात, म्हणून तर रानातली मोरवेल नव्या फुटीवर अशी अंगभर फुलते. एवढं रान पायाखाली घातलंत, रोप निवडून आणलंत आणि घरी आणून नुसती लाडानं बिघडवलीत. आज तुमच्याशी भांडायला किती बरं वाटतंय!

काल भावजी चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. म्हणाले, "दादा असता तं आदी मना शिव्या घातल्या असत्या, मंग येकयेक फूल मोजत बसला असता." कप रिकामा करून म्हणाले, "त्याला सांगाया पायजे व्हता." म्हणून हे पत्र.

आता माझा शब्द ऐका. दर फाल्गुनात कवळ तोडायची वेळ आली की मी स्वतः भावजींच्या हातात कोयता देईन आणि समोर उभी राहून मोरवेल गुडघ्याएवढी कापून घेईन. रडणार नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी मध्ये बोलायचं नाही हं! आणि बोललातच कधी, तर आम्ही दोघंही हातातलं काम टाकून ऐकू.

तुमची,
दिनूची आई