वेतनवाढीच्या यादीतले बत्तिसावे नाव

दिनांक : २२ सप्टेंबर, बुद्धाब्द २५६८

प्रति,
मा. तालुका अधिकारी साहेब,
तालुका कचेरी, नोंग फिकुन.

विषय : ग्रामपरिषदेच्या अध्यक्ष व सदस्यांच्या वेतनवाढीस 'सहमत' दाखवलेल्या यादीतून माझे व इतर अकरा जणांचे नाव कमी करणेबाबत.

संदर्भ : १) खोक मालाय ग्रामपरिषदेच्या फलकावरील 'जनसुनावणीस उपस्थित व सहमत नागरिकांची यादी'. २) याच विषयावरचा माझा तोंडी अर्ज, जो कारकुनांनी हसून निकाली काढला.

महोदय,

मी खाली सही करणार श्रीमती बुआलाई, वय ६८, धंदा लव्हाळ्याच्या चटया विणणे, राहणार बान खोक मालाय, आपणास नम्रपणे कळवते की,

१. यंदाच्या चौथ्या चांद्रमासात आमच्या विहारात दरवर्षीप्रमाणे वेस्संतर राजाची कथा तेरा अध्यायांत गाऊन झाली. मुलांचा अध्याय भंते खामफान गातात. राजा आपली दोन्ही लेकरे म्हाताऱ्या याचकाला देऊन टाकतो, लेकरे तळ्यात कमळाच्या पानांखाली लपतात आणि बापच त्यांना हाका मारून बाहेर बोलावतो. त्या हाकेवर भंते सूर असा लांबवतात की चाळीस वर्षे ऐकूनही माझा पदर कोरडा राहत नाही. साहेब, त्या वेळी मंडपात कोणालाच धड दिसत नसते. नेमक्या त्याच वेळी परिषदेचे कारकून श्री. प्रासोंग कागद घेऊन रांगेतून फिरले.

२. पुढच्या वर्षी कोणत्या अध्यायाचे यजमानपद कोण घेणार आणि काय वाहणार, याचा कागद आमच्याकडे दरवर्षी प्रवचन चालू असतानाच फिरतो. हा तोच, असे सर्वांनी धरले. वरचा भाग दुमडलेला होता. मी म्हटले, "मुलांचा अध्याय मला ठेव रे बाबा." ते म्हणाले, "ठेवतो मावशी, तुम्ही सही करा, मागचे खोळंबलेत." मी केली. बत्तिसाव्या क्रमांकावर शाई फुटलेली दिसेल, ती मी रडत होते म्हणून.

३. या महिन्यात तोच कागद सरळ करून फलकावर लागला. जनसुनावणी त्याच दिवशी दुपारी एक ते दोन झाली, असे त्यावर छापले आहे. त्या तासाला सारे गाव प्रवचनात होते, आणि सहमत नागरिकांत एकोणिसाव्या क्रमांकावर खुद्द भंते खामफान आहेत, जे तेव्हा आसनावर बसून गात होते. सहाव्या क्रमांकावरचे बुनथाम, जे प्रवचनाला खेन हा बांबूचा पावा वाजवतात, ते तर नदीपलीकडचे, लाओसचे नागरिक. एकतिसाव्या नावापुढे 'केळीचा एक घड, दोन नारळ' आणि चाळिसाव्यापुढे 'चिकट तांदूळ पाच किलो' असे लिहिले आहे. अध्यक्षांची वेतनवाढ कोणी केळी देऊन मंजूर करते काय, असे मी विचारता श्री. प्रासोंग म्हणाले, "त्या नागरिकांच्या सूचना आहेत मावशी. नोंद घेतली आहे."

४. मी वेतनवाढीच्या विरुद्ध आहे असा गैरसमज नसावा. पुराच्या वेळी आमच्या वाडीचे सदस्य छातीभर पाण्यातून औषधे घेऊन आले होते. त्यांना चार पैसे जास्त मिळाले तर मी हात जोडून 'साधू, साधू' म्हणेन. वर्षानुवर्षे राबणाऱ्या नोकरांना आधी द्या, आणि निवडून आलेल्यांनी आपली वाढ पुढच्या निवडणुकीनंतर घ्यावी, एवढेच माझे म्हणणे होते. ते मी भर सभेत उभी राहून बोलले असते. मला विचारलेच नाही, आणि उत्तर मात्र लिहून घेतले.

५. ही वाढ बसवण्यासाठी बालवाडीतल्या कंत्राटी मदतनीस लामदुआन यांचा करार ३० तारखेनंतर वाढवायचा नाही असे ठरले आहे. अकरा वर्षे त्या अठ्ठावीस पोरांची शी-शू, दात घासणे, दुपारची झोप सांभाळतात. निम्म्या पोरांचे आईबाप बँकॉकच्या कारखान्यांत आहेत, माझ्या नातीचेही. ती पाठीवर लामदुआनचा हात असल्याशिवाय डोळा मिटत नाही. राजाने दिली ती लेकरे त्याची स्वतःची होती, साहेब. परिषदेने कोणाची दिली?

६. मी अध्यक्ष श्री. थवीसाक यांना भेटले. माणूस वाईट नाही, विहाराची वाळू स्वतःच्या गाडीतून आणतो. ते म्हणाले, "मावशी, पगार चांगला असला की चांगली माणसे निवडणुकीला उभी राहतात." मी म्हटले, "मग आत्ता कोण बसले आहे?" ते हसले, चहा पाजला, आणि श्री. प्रासोंग यांच्याकडे पाठवले.

७. त्यांनी नाव कमी करण्याचा छापील नमुना दिला. त्यात कारणे दोनच : 'स्थलांतर' आणि 'मृत्यू'. मी कोठेही गेलेली नाही. शिवाय त्यांनी समजावले, "यादीत त्रेसष्ट नावे आहेत, साठ लागतात. तुम्ही बारा जण निघालात तर आमचे कसे व्हायचे?" कसे व्हायचे हे त्यांनी तो कागद दुमडण्याआधी पाहायला हवे होते.

८. तरी परिषदेची बैठक येत्या शुक्रवारी, २६ तारखेला आहे. त्याआधी आमची बारा नावे काढावीत, आणि वाढ द्यायचीच तर उघड्या सभेत, कागद सरळ ठेवून विचारावे.

९. आणखी एक नाव आपण आपल्या अधिकारात काढावे, ही हात जोडून विनंती. क्रमांक चव्वेचाळीस : लामदुआन. तीही त्या दिवशी मंडपातच होती, मांडीवर माझी नात घेऊन. आपलीच नोकरी काढण्याला तिने आपल्या हाताने संमती दिली आहे. या अर्जावर तिची सही मागायला गेले, तर म्हणाली, "नको मावशी. आता मी कुठल्याच कागदावर सही करणार नाही."

शुक्रवारच्या आत उत्तर येईल या भरवशावर,

आपली नम्र,
(सही)
बुआलाई

सोबत :
१) फलकावरील यादीचा फोटो (केळी व नारळ स्पष्ट दिसतात).
२) इतर अकरा जणांच्या सह्या. प्रत्येकाला हा अर्ज दोनदा वाचून दाखवला आहे.