नितळ पाण्याचा दाखला

प्रिय बाबा,

वहिनीनं मला विचारलं, पोटुशी असताना मी मासे खाल्ले नसते, तर बाळ आज बसायला लागलं असतं का? गेल्या महिन्यात मी घरी आले होते तेव्हा, कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता. बाळाला चौदा महिने झाले. मी घरातली पहिली पदवीधर, प्रयोगशाळेत काम करते, आणि मला याचं उत्तर देता येत नाही. डॉक्टरही छातीठोकपणे काही सांगत नाहीत.

तिनं मासे खाल्ले ते माझ्या शब्दावर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आपल्या तलावाचं पाणी तपासलं होतं, आठवतंय? वरच्या अंगाचा थर्मामीटरचा कारखाना कधीचा बंद पडला होता, तरी लोक पाऱ्याबद्दल कुजबुजायचे. तुम्ही मला होडीतून थेट मध्यावर नेलंत. काठाचं कसलं भरतेस बाटलीबाई, पाहुण्यापुढं कुणी गाळ ठेवतं का, म्हणालात. निघण्याआधी तुमच्या शिस्तीप्रमाणे होडीचा बुळबुळीत थर खरवडून फेकला होता. बाटल्याही लख्ख. पाण्यात पारा नावालाही सापडला नाही, आणि तसा दाखला मी सही करून तुम्हाला दिला. तो दाखला तुम्ही काचेत बसवून मासे विकायच्या ओट्यावर टांगलात. तुम्हाला वाचता येत नाही, पण माझी सही कुठं आहे ते अचूक ठाऊक. गिऱ्हाइकाला आधी सही दाखवायची, मग मासा. वहिनीला दिवस गेले तेव्हा तिची आई कुरकुरली, तर तुम्ही त्या कागदाकडे बोट केलंत. आमच्या पोरीनं लिहिलंय, म्हणालात. विषय संपला.

इथं नोकरीला लागल्यावर मला जे कळलं ते तेव्हा कळायला हवं होतं. होडीला, दगडांना, खुंटांना धरतो तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. एकमेकांना बिलगून, आपल्याच चिकट पांघरुणाखाली ते राहतात. आत, जिथं हवा पोचत नाही तिथं, त्यातले काही कारखान्यातून आलेल्या पाऱ्याचं जास्त विषारी रूप करतात. पाण्यात ते इतकं थोडं असतं की कॉलेजच्या यंत्राला दिसलंच नसतं. पण तो थर खाणाऱ्या किड्यांत ते साठतं, किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, आणि दर वेळी वाढत जातं. सगळ्यात मोठा मासा तुम्ही वहिनीसाठी बाजूला काढायचात. मी नितळ पाणी तपासलं, बाबा, आणि जे तपासायचं ते आपण दोघांनी खरवडून फेकून दिलं.

म्हणून या वेळी होडीवरचा थर मी डब्यात भरून घेतला. दादा म्हणाला, एवढं शिकून ही आता घाण गोळा करते. सगळे हसलात, मीही हसले. तीन मोठे मासे मागून घेतले, मैत्रिणींना खायला म्हणून. ते खोटं होतं. इथं आणून सगळं तपासलं. थरात ते विष आहे. माशांत तर मर्यादेच्या चौपट आहे.

आमच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या घरचा तलाव आहे, अहवालावर दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊ. एक रात्र मला ते बरं वाटलं. जाळ्याशिवाय तुमचे हात कसे दिसतील, याची मला कल्पनाच करता येत नव्हती.

हे पत्र तुम्हाला वहिनीच वाचून दाखवेल, हे माहीत असूनच लिहिते आहे. वहिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कधी सापडेल असं वाटत नाही. पण तू चुकली नाहीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. बाबा, पुढच्या आठवड्यात तलावावर मासेमारी बंदीची पाटी लागेल. ती कुणामुळं लागली हे तुम्हाला परक्याकडून कळू नये. काच पुसून आणते म्हणून नेलेला तो दाखला आता परत येणार नाही. त्यावर आडवी रेघ मारून, ही तपासणी अपुरी होती असं लिहून, मी तो नव्या अहवालाला जोडला. दोन्हींवर सही माझीच आहे. सोमवारी सरकारी कचेरीत देऊन आले.

तुमचीच,
बाटलीबाई