हाकेचा गंध

३ ऑगस्ट, प्रताप नगर, जयपूर

आले एकदाची. लग्न झाल्यापासून कैवल्य इथे आणि मी अकोल्यात, बोंडअळीच्या संशोधनात. भेटी फक्त सणावारी. आता एकच शहर, एकच प्रयोगशाळा. हाउसिंग बोर्डाचं छोटं घर आहे, खाली घरमालकीण कलावतीजी राहतात. आम्ही दोघं पतंगांवर काम करतो म्हटल्यावर त्यांना वाटलं, संक्रांतीला उडवायचे पतंग बनवतो. मांजा पक्का आणा म्हणाल्या. कैवल्य इतका हसला की चष्मा पुसायला काढावा लागला. त्याच्या मराठीत आता दर वाक्याला ‘मतलब’ येतं. संध्याकाळी त्याने चहा केला, आलं जास्त पडलं, तरी गच्चीवर उभं राहून आम्ही तो चवीने प्यायलो. दिवाळीला आईला इथेच बोलवायचं ठरवलंय.

५ ऑगस्ट

प्रयोगशाळा सीतापुऱ्यात, कारखान्यांच्या रांगेत. पतंगांना रात्र लागते, म्हणून आतल्या खोलीत वेळ उलटी ठेवली आहे: बाहेर भर दुपार, आत अंधार आणि मंद तांबडा दिवा. मादी पोटाचं टोक उचलून स्तब्ध बसते आणि गंध सोडते. तीच तिची हाक. गंधात दोन घटक असतात, आणि त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. ते बिघडलं की नर तिला ओळखत नाही.

कैवल्य आणि शमिका मिळून अशाच प्रमाण बिघडलेल्या माद्या निवडून वाढवतात. शमिका जयपुरातच वाढलेली, वडील इथे प्राध्यापक होते. मराठी अडखळत बोलते. सुरुवातीला या माद्यांकडे क्वचितच एखादा नर वळायचा. त्याच नरांची पैदास करत गेले. आता एका पिंजऱ्यात दोन जाती झाल्यासारख्या आहेत. नवा नर जुन्या मादीच्या पंखांवरून चालत गेला, तो मी स्वतः पाहिला.

“भांडण नाही होत, ताई,” शमिका म्हणाली. “मतलब, त्याच्यासाठी ती आहेच नाही.”

कैवल्य तिच्याबरोबर तेच शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होता.

१४ ऑगस्ट

मी संशयी बाई नाही. पण ती ‘पिपेट’ म्हणायच्या आत तो पिपेट पुढे करतो. ती खोलीत शिरली की त्याची मान वळते, पाठमोरा असला तरी. तिच्या ॲप्रनच्या बाहीवर पतंग येऊन बसतात, ती त्यांना झटकतही नाही. आज डबा खाताना तिने त्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं. ते लोणचं आईने माझ्याबरोबर दिलेलं. एवढ्याशा फोडीवरून मी माझा डबा अर्ध्यावर मिटला.

घरी विचारलं, तर म्हणाला की काम एकत्र केल्यावर सवय होते. माझी सवय नव्हती का रे तुला, हे मी विचारलं नाही.

२७ ऑगस्ट

आज त्याने चहा केला. एकच कप. मी ओट्याशी उभी होते. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा दंड धरला तेव्हा दचकला, आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला, एखादं नाव आठवत असल्यासारखा. थकलोय म्हणाला.

कलावतीजींनी दारात अडवून तक्रार केली. बींदणी (सुनेला इथे असंच म्हणतात), तुझा नवरा आताशा रामराम करत नाही, समोरून निघून जातो, म्हणाल्या. त्यांना वाटतं माझ्या येण्याने त्याला गर्व चढलाय.

४ सप्टेंबर

सकाळी हेल्मेट घालून फाटकाशी उभी होते. कैवल्यने स्कूटर काढली, माझ्या पायाशेजारून वळवली आणि निघून गेला. मी बसने गेले.

तांबड्या खोलीत मुद्दाम त्याच्या वाटेत उभी राहिले. तो आला, थांबला नाही, नजर हलली नाही. अंगाला अंग न लावता वळसा घालून गेला. भिंतीला घालतात तसा. पलीकडून शमिका बघत होती. तिने मान खाली घातली. मला तिची ती खाली घातलेली मान सहन होईना.

९ सप्टेंबर

तिला गाठलं. सरळ विचारलं, माझ्या नवऱ्याला काय केलंस.

ती रडली. म्हणाली, “मी काही नाही केलं, ताई. एवढे महिने या माद्यांच्या गंधाचा अर्क हाताळला, तो आता माझ्या अंगातूनच येतो. रोज तोच हुंगून त्यांना आणि सुखदेवजींना तोच कळतो. दुसरं काही कळत नाही.”

सुखदेव म्हणजे पिंजरे सांभाळणारा इथला जुना माणूस.

मी म्हटलं, मग तुझं काय बिघडलं.

ती म्हणाली की तिची आई आता तिचं ताट वाढत नाही. ही आईच्या समोर बसते, आई जेवते, स्वतःचं ताट उचलते, दिवा घालवते. वडील तिच्या खोलीत जुन्या गाद्या ठेवायला लागलेत. कोणाचं काही चुकत नाही, तिचा गंध त्यांच्यातला राहिला नाही, एवढंच.

मला दया यायला हवी होती. माझ्या मनात एवढंच आलं, की तरी तिच्याकडे तो आहे.

१२ सप्टेंबर

अर्काची कुपी कपाटात असते. किल्ली कैवल्यच्या खिशात. काढून घेतली, त्याला कळलं नाही. कसं कळणार.

कुपी हातात घेऊन बसले तेव्हा आईचा फोन आला. दिवाळीचं तिकीट काढलंय म्हणत होती, तुला काय आणू, शेवया आणू का. मी बरं बरं म्हटलं. शमिकाच्या आईचं ताट डोळ्यांसमोर होतं. सगळं माहीत होतं मला.

फोन ठेवला आणि मनगटांना लावलं. मानेला. केसांत. उरलेलं सगळं.

१५ सप्टेंबर

तो वळला. माझ्याकडे वळला. ओट्यापाशी येऊन मानेत तोंड खुपसून उभा राहिला. मी रडले. इतकी सुखी मी लग्नातही नव्हते.

मग तो म्हणाला, “शमी.”

१६ सप्टेंबर

मी अनुया आहे, असं त्याला सांगते. तो मान डोलावतो आणि शमी म्हणतो. तरी म्हणतो तर खरं. माझ्याशीच म्हणतो.

कलावतीजी जिन्यात भेटल्या. रामराम केला. त्या माझ्याकडे तोंड करून, जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावत राहिल्या. घर रिकामं समजून.

आईला निरोप पाठवला, येऊ नकोस.

२१ सप्टेंबर

शमिकाला कळलंय. कपाट उघडून रिकामी कुपी पाहिली तिने. ओरडली नाही. माझ्याजवळ आली, हुंगलं.

“तुम्ही जिथे आलात ना, ताई, तिथून मी पुढे जाते,” एवढंच म्हणाली.

तिच्या टेबलावर तिसऱ्या प्रमाणाची नवी कुपी आहे. नव्या माद्या. आणि त्यांच्याकडे वळणारे दोन-चार नर —

२९ सप्टेंबर

कैवल्य पुन्हा एक कप करतो.

मी कानाशी ओरडले. हाताला चावले. रक्त आलं, त्याने ते धुतलं, कशाला लागलं ते शोधत राहिला.

तो शमिकाकडे गेला, तिच्या नव्या गंधामागे. मागे वळलाही नाही. सुखदेवही आता तिच्याच मागे —

मी मधे राहिले. अलीकडच्यांची नाही, पलीकडच्यांची नाही. बसमध्ये माझ्या मांडीवर कोणीतरी पिशवी ठेवली.

२ ऑक्टोबर

पतंग येतात. मधल्या पिढीचे, पिंजऱ्यांतून निसटलेले. फक्त तेच. खिडकीच्या जाळीवर, उशीवर. अंग चोळून चोळून धुतलं. जात नाही. आतून येतंय.

५ ऑक्टोबर

सगळी रात्र पंखांचा —

तांबड्या खोलीत जाते. जुना अर्क असेल कुठेतरी. जुन्या मादीचा. परत जाता येईल, आईला तरी —

त्याच दिवशी, आत

जुना अर्क नाही. जुने पिंजरे केव्हाच रिकामे केलेत. मधल्या पिढीचेही आज उघडे आहेत. सगळे सुटलेत. माझ्या अंगावर.

बाहेर सुखदेव. दाराच्या फटीला चिकटपट्टी लावतोय. मधली पिढी आता नको, खोलीत औषध सोडायचं, असं कैवल्य त्याला सांगतोय. शांतपणे. त्याचा आवाज मला किती —

दार बाहेरून लावलंय. वाजवतेय. काचेतून बघतात. दिसत नाही मी त्यांना.

शमिका आली. तिला मी दिसते. तिला पहिल्यापासून सगळे दिसतात. काचेला नाक लावून माझ्याकडे बघतेय. सरळ डोळ्यांत. मी हात जोडले.

सुखदेवने तिला काहीतरी विचारलं. ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, “कोई नहीं है अंदर.”

कैवल्यचा हात तिच्या खांद्यावर —

पट्टी वरपर्यंत आली. धूर. खालून. पतंग तोंडावर बसतायत, पापण्यांवर, लिहिता येत — मी अजूनही त्याच्याकडेच बघतेय, एकदा तरी त्याने मान —