ओठ जुळण्याचा आठवडा

फ्रायबुर्ग, २६ फेब्रुवारी १८९४

तीर्थरूप आईस,
फ्रिडोलिनचा सा. न. वि. वि.

वालबुर्गाला दिवस गेले आहेत. कोबीचा वास आला की अंगणात पळते, एरवी बरी आहे. मी तिच्या पोटाकडे तराजूकडे पाहावं तसा पाहतो, असं चिडवते.

आमच्या कारखान्यात डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांसाठी गर्भाचे मेणाचे नमुने करतात, हे तुला ठाऊकच आहे. चौथ्या आठवड्यात हात म्हणजे नुसते कोंब. सातव्याच्या सुमारास दोन्ही गालांकडचे उंचवटे नाकाखाली येऊन मिळतात, तो वरचा ओठ. आमच्या लग्नाला आज सात आठवडे झाले. परवा सहाव्या आठवड्याच्या नमुन्यातली फट मी गरम सुरीने बुजवून टाकली. मालक म्हणाले, जे असतं ते दाखव, तुला हवं ते नको.

आई, माझा ओठ दुभंगलेला का? घराण्यात आणखी कुणाचा होता का? खरं लिही. तिला मी अजून काही बोललो नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझा फ्रिडोलिन


आल्टबाख, ४ मार्च

चि. फ्रिडोलिन यास अनेक आशीर्वाद.

घराण्यात माझ्या माहितीत कुणाचा नव्हता. दोष माझा आहे. पोटुशीने शेतात जाऊ नये, ससा आडवा आला तर पोराला त्याच्यासारखा फाटका ओठ येतो, असं तुझ्या आजीने बजावलं होतं. तरी सप्टेंबरात मी ओटचं पीक कापायला गेले. आठवड्यापूर्वीच तू पहिल्यांदा हलला होतास. पायाशी ससा उठला आणि घाबरून माझा हात तोंडावर गेला. फेब्रुवारीत तू जन्मलास, तेव्हा सुइणीने एवढंच विचारलं, ससा कुठे दिसला होता.

पोरं चिडवतात म्हणून तू शाळा सोडलीस, तेव्हाही मी हे सांगितलं नाही. सुनेला शेताकडे फिरकू देऊ नकोस. राग धरलास तरी पत्र लिहीत जा.

तुझी आई


फ्रायबुर्ग, १४ मार्च

ती. आईस सा. न.

मालकांना विचारलं, फळीवरचे नमुनेही पुन्हा पाहिले. मूल हललेलं आईला कळतं, त्याच्या दोन महिने आधीच ओठाचं काय ते होऊन गेलेलं असतं. ससा उठला तेव्हा माझा ओठ फाटलेलाच होता. तुझा दोष नाही. सशाचाही नाही.

मग तो माझ्या रक्तात असेल, हेही मला कळतं. मालक म्हणतात, कधी मुलात उतरतो, कधी नाही. हे न लिहिणंच मला सोयीचं होतं. भीती वाटतेच.

वालबुर्गाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, घाबरायचं तर दोघं मिळून घाबरू, पण तोवर शिकून घेऊ. तर आई, मला ओढता येत नव्हतं, तेव्हा तू दूध कसं पाजलंस, मान कशी धरायचीस, किती वेळ लागायचा, सगळं सविस्तर लिही. आम्हाला ते यायला हवं.

लोभ आहेच, त्यातला थोडा पोटातल्यासाठीही असावा.
तुझा फ्रिडोलिन